दुपारी बाराला निघता येईल असा डोंगर: कुटुंबासाठी परवडणारं स्कीइंग कुठे आणि कसं निवडावं

पावणेबारा वाजले होते. आमचा धाकटा, तेव्हा पाच वर्षांचा, मॅजिक कार्पेटच्या, म्हणजे मुलांना उतारावर वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या, पायथ्याशी बर्फात फतकल मारून बसला आणि म्हणाला, "आता बास." बोटं गार, नाक वाहतंय, एक हातमोजा बेपत्ता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात बेरीज केली: चौघांची तिकिटं, चौघांचं भाड्याचं सामान, साडेतीन तासांचा ड्राइव्ह, आदल्या रात्रीचं हॉटेल. एवढे पैसे ओतल्यावर बाराला कोण निघतं? मी त्याला आणखी दोन तास दामटलं. पुढचं अख्खं वर्ष त्याने स्कीचं नाव काढू दिलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात घरापासून चाळीस मिनिटांवरच्या एका छोट्या डोंगरावर त्याने पुन्हा तसंच "बास" केलं. या वेळी आम्ही निमूट गाडीत बसलो आणि एक वाजता घरी जेवत होतो. दुसऱ्या शनिवारी सकाळी बूट घालून दारात उभा कोण? तोच.

अमेरिकेत लोक ‘होम माउंटन’ म्हणतात, म्हणजे ज्या डोंगरावर तुम्ही पुन्हा पुन्हा जाता तो आपला, घरचा डोंगर. माझ्या मते त्याची एकच कसोटी आहे: चुटपुट न लागता तिथून दुपारी बाराला निघता आलं पाहिजे. खाली लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या त्या कसोटीपर्यंत नेतात. उदाहरणं मुख्यतः ईशान्य अमेरिकेतली आहेत, कारण माझे हातपाय तिथेच गोठले. पण शिकागोला किंवा डेट्रॉइटला राहत असाल तरी रीत हीच.

पहिली पायरी: आधी कॅलेंडर, मग डोंगर

बहुतेक घरांत हे उलटं होतं. कुणीतरी मित्र म्हणतो, "अमुक पास घ्या, तीसेक डोंगर फुकट," आणि आपण तो हंगामभराचा पास घेतो. त्याऐवजी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढा आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचे शनिवार-रविवार मोजा. साधारण तेरा भरतात. आता खोडायला लागा. नाताळ आणि नववर्षाचे दोन गेले, कारण कुणीतरी पाहुणे येणार किंवा आपण पाहुणे होणार. जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग वीकेंड आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे वीकेंड नवशिक्यांनी सोडूनच द्यावेत. त्या दिवसांत रांग आणि भाव दोन्ही सर्वांत चढे असतात, आणि बऱ्याच स्वस्त पासांवर नेमक्या याच तारखा बंद असतात. एक वीकेंड सर्दी-तापाचा धरा. दोन पावसाचे किंवा कडाक्याच्या वाऱ्याचे. एक वाढदिवसाचा. मुलं रविवारी मराठी शाळेत जात असतील, तर रविवार आधीच अर्धा गेलेला.

उरले पाच किंवा सहा. हा तुमचा खरा आकडा. तो कागदावर लिहा आणि पास विकणाऱ्याचा ईमेल आला की त्या कागदाकडे बघा.

आकडा वाढवायचा एक प्रामाणिक मार्ग आहे: रात्रीचं स्कीइंग. शहराजवळच्या बऱ्याच छोट्या डोंगरांवर दिवे असतात. शुक्रवारी शाळा सुटल्यावर साडेपाच ते साडेसात असे दोन तास गेलात तर तो एक दिवसच धरायचा. पाच वर्षांच्या पोराचा अख्खा दिवससुद्धा दोन तासांचाच असतो! दिवे असलेला डोंगर चाळीस मिनिटांवर असेल तर सहाचे नऊ-दहा होतात. दोन तासांवर असेल तर सहाचे सहाच राहतात.

दुसरी पायरी: वर्तुळ काढा, मैलांचं नव्हे, मिनिटांचं

मुलं दहा वर्षांखालची असतील तर घरापासून एका तासाचं वर्तुळ आखा. फार तर सव्वा तास. त्यापलीकडे गेलं की सकाळी साडेसहाला उठणं, गाडीत न्याहारी, परतीला झोपलेली मुलं आणि सोमवारी कुरकुर, अशी साखळी सुरू होते. नकाशावरचं अंतर न बघता शनिवारी सकाळी आठची आणि दुपारी चारची वेळ टाकून नकाशाला विचारा. परतीचा आकडा बहुधा निराळाच येतो.

या वर्तुळात तुम्ही कधी नावही न ऐकलेले डोंगर निघतील. बॉस्टनच्या भोवती राहणाऱ्यांना नशोबा व्हॅली आणि थोडा मोठा वाचुसेट. उत्तर न्यू जर्सीत काउंटीच्या पार्कमधला कॅम्पगॉ. उंचीचे आकडे बघून हसू नका. पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या उंचीला ‘व्हर्टिकल’ म्हणतात. वाचुसेटचं व्हर्टिकल सुमारे १,००० फूट आहे, न्यू हॅम्पशायरमधल्या कॅननचं दोन हजारांच्या पुढे आणि न्यूयॉर्कच्या व्हाइटफेसचं ३,४०० फुटांवर, म्हणजे पूर्वेकडचं सर्वांत मोठं. पण नवशिकं पोर पहिला हंगामभर शंभर फुटांच्या उतारावरच वरखाली करतं. उरलेले तीन हजार तीनशे फूट तुम्ही इतरांसाठी भरता.

छोट्या टेकडीबद्दल शंका असेल तर व्हरमाँटच्या रिचमंडमधलं कॉक्रन्स बघा. जेमतेम साडेतीनशे फुटांची टेकडी. एका कुटुंबाने १९६१ साली घराच्या मागच्या उतारावर दोर बांधून सुरुवात केली. त्या घरातल्या बार्बरा कॉक्रनने १९७२च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये स्लॅलम या स्की शर्यतीचं सुवर्णपदक घेतलं, आणि पुढच्या पिढीतल्या रायन कॉक्रन-सीगलने २०२२ साली बीजिंगला सुपर-जी या शर्यतीत रौप्य. आपली मुलं ऑलिम्पिकला जाणार नाहीत हे मान्य. पण टेकडी छोटी म्हणून शिकणं अडत नाही, एवढं तरी मान्य व्हावं.

तिसरी पायरी: बर्फ कुठून येतो ते विचारा

हा मुद्दा बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांच्या लक्षातच येत नाही. आपल्याला वाटतं, बर्फ आभाळातून पडतो. ईशान्येकडच्या कमी उंचीच्या डोंगरांवर हंगामाचा पाया बहुतांशी यंत्राने बनवलेल्या बर्फाचा असतो, कारण इथे जानेवारीतसुद्धा पाऊस पडतो. एक रात्र पाऊस, दुसऱ्या रात्री गोठण, आणि तिसऱ्या दिवशी उतारावर काच. नवशिक्या मुलासाठी याहून वाईट काही नाही.

बर्फाचं यंत्र पाण्याचे बारीक थेंब दाबलेल्या हवेबरोबर उडवतं आणि ते खाली पडेपर्यंत गोठतात. त्यासाठी नुसतं तापमान बघून चालत नाही, हवेतला ओलावाही बघावा लागतो. दोन्ही मिळून जो आकडा येतो त्याला ‘वेट बल्ब’ म्हणतात, आणि तो साधारण २८ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे २ सेल्सियसच्या खाली गेला की काम नीट चालतं. हवा कोरडी असेल तर गोठणबिंदूच्या जरा वरही बर्फ बनवता येतो. दमट असेल तर गोठणबिंदूच्या जरा खालीही यंत्रं गप्प उभी राहतात. म्हणून दोन शेजारच्या डोंगरांपैकी ज्याच्याकडे पाण्याचं मोठं तळं आणि भरपूर पंप आहेत, तो थंडीच्या चार रात्रींत आठवडाभराचा बर्फ बनवून ठेवतो, आणि दुसरा नुसती वाट बघतो.

डोंगराच्या कचेरीत फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. किती टक्के ट्रेलवर, म्हणजे स्कीसाठी आखलेल्या वाटांवर, यंत्राचा बर्फ पडतो? आणि पाऊस पडून गेल्यावर शिकण्याचा उतार किती दिवसांत परत उघडता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर समजून घ्या. नैसर्गिक बर्फावर चालणारे डोंगर वाईट नसतात. व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनवर यंत्राचा बर्फ अगदी थोडा, आणि तिथले लोक त्या डोंगरावर जीव टाकतात. पण तो डोंगर मुळात अवघड आहे, आणि ज्यांना आठ दिवस आधी गाडी भरून ठेवावी लागते अशा घरांसाठी नाही.

डोंगराचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही बघा. दक्षिणेकडे तोंड असेल तर जानेवारीच्या दुपारी ऊन मिळतं, मुलं टिकतात. मात्र मार्चमध्ये तोच उतार दुपारपर्यंत खिचडी होतो. व्हरमाँटचा ब्रॉम्ली दक्षिणमुखी म्हणूनच ओळखला जातो.

चौथी पायरी: स्की न घेता एक चक्कर मारून या

ही पायरी सगळे टाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या शनिवारी सकाळी नऊला, नुसते बर्फाचे बूट घालून, तिकीट न काढता डोंगरावर जा. मुलांना बरोबर घ्या. पायथ्याशी फिरायला पैसे पडत नाहीत.

गाडी लावल्यापासून शिकण्याच्या उतारापर्यंत चालत किती मिनिटं लागतात ते मोजा. एका हातात मुलाचं बोट, दुसऱ्या हातात दोन जोड स्की आणि पाठीवर बॅग आहे असं समजून मोजा. पाच मिनिटांच्या आत असेल तर उत्तम. वाटेत शटल बस असेल तर मी त्या डोंगरावर फुली मारते, बाकी कितीही चांगला असो. बसमध्ये स्की चढवणं, मूल चढवणं, उतरवणं, विसरलेला गॉगल आणायला परत जाणं, यात सकाळ संपते.

मग शिकण्याच्या उतारासमोर दहा मिनिटं उभे राहा. तो वेगळा कुंपण घातलेला आहे की वरून सुसाट येणारे लोक त्यातूनच लिफ्टकडे जातात? वर न्यायला मॅजिक कार्पेट आहे की रोप टो? मॅजिक कार्पेट म्हणजे विमानतळावर असतो तसा सरकता पट्टा, मुलाने नुसतं उभं राहायचं. रोप टो म्हणजे फिरता दोर हाताने धरायचा. अमेरिकेतला पहिला रोप टो १९३४ साली व्हरमाँटच्या वुडस्टॉकला लागला आणि तेव्हापासून तो लोकांचे हातमोजे खातो आहे. सहा वर्षांच्या मुलाला तो जमतो, चार वर्षांच्याला बहुधा नाही.

कार्पेटनंतर पुढची लिफ्ट कुठली, हेही बघून ठेवा. बऱ्याच डोंगरांवर कार्पेट सपाट आणि त्यानंतर एकदम माथ्यावर जाणारी मोठी चेअरलिफ्ट, मधली पायरीच नसते. मूल कार्पेटवर कंटाळतं आणि माथ्यावर घाबरतं. एखादी छोटी, संथ, जुनाट दोघांची खुर्ची आणि तिच्याखाली रुंद, मवाळ उतार दिसला तर त्या डोंगराला दोन गुण जास्त द्या. संथ खुर्चीत मुलाला बसवणं सोपं जातं. वेगवान लिफ्टचं कौतुक मोठ्यांना.

ट्रेलच्या रंगांवर विसंबू नका. हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, हे खरं. पण ही वाटणी प्रत्येक डोंगर आपापल्या ट्रेलांमध्ये करतो, देशभराचं एकच माप नाही. एका डोंगराचा हिरवा दुसऱ्याच्या निळ्याइतका तीव्र असू शकतो. त्यामुळे नकाशावर बोट ठेवून बघा: माथ्यावरून पायथ्यापर्यंत सलग हिरवा ट्रेल येतो का, की मध्ये कुठे निळ्यात शिरावं लागतं? आमच्या थोरलीला अशाच एका ‘हिरव्या’ ट्रेलच्या शेवटच्या शंभर फुटांत रडू फुटलं होतं. तिथे तीन ट्रेल एकत्र येत होते, उतार अचानक वाढत होता, आणि आजूबाजूने मोठी माणसं वाऱ्यासारखी जात होती. शेवटी मी स्की काढून तिला धरून पायी खाली आणलं.

सगळे ट्रेल एकाच पायथ्याशी उतरतात का? मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की हा प्रश्न सोन्याच्या मोलाचा होतो. एकच पायथा असेल तर चुकलेलं मूल शेवटी तुमच्यासमोरच येतं. ब्रॉम्लीचा आणखी एक गुण हाच.

शेवटी लॉजमध्ये, म्हणजे पायथ्याशी बसण्या-खाण्याची जी इमारत असते तिच्यात, शिरा. लोक घरून डबा आणून खाताहेत का? छोट्या डोंगरांवर टेबलं डब्यांनी आणि थर्मासांनी भरलेली असतात आणि कुणी हटकत नाही. काही ठिकाणी मात्र घरच्या खाण्याला तळघरातला एक कोपरा दिलेला असतो. चौघांचं लॉजमधलं जेवण एका तिकिटाइतकं सहज होतं, तेव्हा हा प्रश्न किरकोळ नाही. बॅगा फुकट ठेवायला फळ्या आहेत का? आणि स्वच्छतागृह शिकण्याच्या उतारापासून किती लांब? बिब पँट, त्याखाली दोन थर आणि पायात ताठ बूट घातलेल्या मुलाने "लागली" म्हटल्यापासून तुमच्याकडे साधारण चार मिनिटं असतात.

पाचवी पायरी: डोंगर कुणाचा आहे?

काही डोंगर स्वस्त का असतात, याचं उत्तर बऱ्याचदा मालकीत सापडतं. न्यूयॉर्कमधले गोर, व्हाइटफेस आणि बेलेअर हे तिन्ही राज्याच्या प्राधिकरणाकडे आहेत. न्यू हॅम्पशायरचा कॅनन राज्याच्याच मालकीचा. कॉक्रन्स ना-नफा तत्त्वावर चालतं. मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या आपल्याला सहकार वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

ना-नफा डोंगरांपैकी आयडाहोतल्या बोईजीजवळच्या बोगस बेसिनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांनी १९९८ साली मोठ्यांचा सीझन पास एकदम १९९ डॉलरवर आणला. लोक तुटून पडले, आणि स्वस्त पास आधीच विकून हंगामाआधी पैसा गोळा करायची ही युक्ती बाकीच्यांनी उचलली. व्हेल कंपनीचा अनेक डोंगरांवर चालणारा एपिक पास २००८ साली आला, अल्टेरा कंपनीचा तसाच आयकॉन २०१८ साली, आणि छोट्या स्वतंत्र डोंगरांना एकत्र बांधणारा इंडी पास २०१९ साली.

आता या मोठ्या पासांचं काय करायचं? खिडकीवर मिळणारं एका दिवसाचं तिकीट मुद्दाम महाग ठेवलेलं असतं, हे आधी समजून घ्या. कोलोरॅडोतल्या व्हेलला गर्दीच्या दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या पुढे गेलेलं आहे. त्या आकड्याशेजारी कुठलाही पास स्वस्तच दिसतो. पण तुम्ही व्हेलला जाणारच नसाल, तर त्या तुलनेचा तुम्हाला उपयोग शून्य. दुसरीकडे, मोठ्या कंपन्यांनी शहरांजवळचे छोटे डोंगरही विकत घेतले आहेत: डेट्रॉइटजवळचा माउंट ब्रायटन, शिकागोजवळचा विल्मट, न्यू हॅम्पशायरमधला क्रॉचेड. तुमच्या एका तासाच्या वर्तुळात असा एखादा असेल आणि तो तुमच्या चौथ्या पायरीत पास झाला असेल, तरच मोठा पास बघा. डोंगर आधी, पास नंतर.

इंडी पासवर प्रत्येक डोंगराला दोन दिवस मिळतात. घरचा डोंगर ठरवण्याआधी चार ठिकाणं चाखून बघायची असतील तर तो चांगला. घरचा डोंगर म्हणून नाही, कारण तिसऱ्या शनिवारी काय करणार?

सहावी पायरी: हिशोब मांडा

खालचे आकडे माझे उदाहरणाचे आहेत, तुमच्या डोंगराचे तुम्ही घाला. समजा, छोट्या डोंगरावर शनिवारचं तिकीट मोठ्यांना ७० आणि मुलांना ५० डॉलर. चौघांचे २४०. सामान दिवसाच्या भाड्याने प्रत्येकी ४०, म्हणजे १६०. एका दिवसाचे झाले ४००.

आता सीझन पास: मोठ्यांचा ४५०, मुलांचा २५०, चौघांचे १,४००. सामान अख्ख्या हंगामासाठी भाड्याने, ज्याला ‘सीझन लीज’ म्हणतात: मुलांचं १५०, मोठ्यांचं २५०, एकूण ८००. बेरीज २,२००. भागिले ४००, म्हणजे साडेपाच. सहाव्या दिवशी पास वसूल होतो. पहिल्या पायरीतला तुमचा कागदावरचा आकडा आठ असेल तर डोळे झाकून पास घ्या. पाच असेल तर घेऊ नका. सहा असेल तर... तर थांबा, पुढची पायरी वाचा.

याच हिशोबात लांबचा मोठा डोंगर घालून बघा. त्यात एका रात्रीचं हॉटेल आणि दोन वेळची बाहेरची जेवणं येतात, आणि ती पासाच्या किमतीत कधीच दिसत नाहीत. आमच्या पहिल्या वर्षी मोठा पास ‘स्वस्तात’ मिळाला, आम्ही तीनदा गेलो, आणि हॉटेलचे पैसे पासापेक्षा जास्त झाले. पासावरच्या फोटोत आम्ही चौघे हसतोय, तो फोटो अजून फ्रिजवर आहे.

सातवी पायरी: मुलांच्या नावाने असलेल्या सवलती

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच डोंगरांवर लिफ्ट फुकट किंवा नाममात्र असते. प्रत्येक डोंगराची वयाची रेघ वेगळी, म्हणून वाढदिवस हंगामाच्या मध्यात येत असेल तर कुठली तारीख धरतात ते विचारा.

त्यापुढची मोठी गोष्ट म्हणजे राज्यांचे मुलांचे पासपोर्ट. व्हरमाँटमध्ये पाचवीतल्या मुलांसाठी, न्यू हॅम्पशायर आणि पेनसिल्व्हेनियात चौथी-पाचवीसाठी, युटामध्ये चौथी ते सहावीसाठी असे पासपोर्ट मिळतात. थोडंसं शुल्क भरलं की त्या राज्यातल्या अनेक डोंगरांवर मुलाला ठरावीक दिवसांची तिकिटं मिळतात. त्या राज्यात राहायची अटही सहसा नसते. मॅसॅच्युसेट्सचं पाचवीतलं मूल व्हरमाँटचा पासपोर्ट काढू शकतं. अटी, बंद तारखा आणि मोठ्यांनी किती तिकिटं काढायची, हे दर वर्षी बदलतं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये राज्याच्या स्की संघटनेची वेबसाइट उघडून बघा. थोरली चौथीत गेली की कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. ही खिडकी वर्षा-दोन वर्षांत बंद होते.

आणि ज्यांचा आकडा पाच-सहावर अडकला आहे त्यांच्यासाठी: शाळा सुटल्यानंतरचे पाच-सहा आठवड्यांचे वर्ग. आठवड्यातून एकदा, शिकवणी, लिफ्ट आणि हवं तर सामान, सगळं एका किमतीत. काही शाळांचे स्की क्लब बससुद्धा करतात. पहिल्या वर्षी मुलांना यात घाला, स्वतः नवशिक्यांचं एखादं पॅकेज घ्या (जानेवारी हा शिकणाऱ्यांचा महिना म्हणून देशभर साजरा होतो, तेव्हा ती स्वस्त असतात), आणि सीझन पासाचा विचार पुढच्या वर्षावर टाका. मुलांना स्वतः शिकवू नका, हे मी हात जोडून सांगते. मास्तर "पिझ्झा कर" म्हणाला की मूल स्कीची टोकं जुळवून थांबतं. आई तेच म्हणाली की भांडण होतं.

आठवी पायरी: सामान

मुलांसाठी लीज, विकत नाही. पाय वर्षाला एक-दीड नंबर वाढतो. ऑक्टोबरच्या आत दुकानात जा, नोव्हेंबरच्या शेवटी मधली मापं संपलेली असतात. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, त्यामुळे कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ मारा आणि घरीच मोजा. दुकानदार "थोडे मोठे घ्या, पुढच्या वर्षी चालतील" म्हणाला तर नको म्हणा. सैल बुटात पाय हलतो, स्की हलत नाही. नवशिक्याची स्की उभी धरली की हनुवटीपर्यंत आली पाहिजे, नाकाच्या वर नको.

मोजे एकच जोड, पातळ, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे. थंडी वाजेल म्हणून मी दोन जोड घातले होते. त्याने पाय आवळला गेला, रक्त पोचेना, आणि पावणेबाराची ती बोटं त्यामुळेच गार पडली होती. सुती काहीही अंगाला लागू देऊ नका.

शरद ऋतूत गावोगावी ‘स्की स्वॅप’ भरतात, वापरलेल्या सामानाचा बाजार. तिथे जॅकेट, पँट, गॉगल बिनधास्त घ्या. जुनी स्की घेताना मात्र बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीचं, मॉडेल लिहून घ्या आणि दुकानात विचारा. बनवणाऱ्या कंपनीने यादीतून काढलेलं जुनं बाइंडिंग दुकानदार सेट करून देत नाही, आणि बाइंडिंग घरी स्क्रू ड्रायव्हरने सेट करायची गोष्ट नव्हे. पडल्यावर ते वेळेवर सुटलं नाही तर पाय जातो. हेल्मेट वापरलेलं घेऊ नका, त्याला आधी किती मार बसलाय ते दिसत नाही. नव्यावर एएसटीएम एफ २०४० हा शिक्का बघा.

गाडीबद्दल एकच. चारही चाकं फिरणारी गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या चौकटीत हिमकणाचं चिन्ह आहे का ते बघा.

नववी पायरी: पास कधी घ्यायचा, पहिला दिवस कसा घालवायचा

पुढच्या हंगामाचे पास बहुधा मार्च-एप्रिलमध्ये सर्वांत स्वस्त असतात, मग सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये टप्प्याटप्प्याने चढतात. म्हणून चौथ्या पायरीतली चक्कर फेब्रुवारीत, आणि खरेदी एप्रिलमध्ये. पुढे दुखापत झाली किंवा नोकरी बदलून गाव सोडावं लागलं तर पैसे परत मिळतात का, ते विकत घेण्याआधी बारीक अक्षरांत वाचा. आपल्यातल्या किती घरांची नोकरी व्हिसाशी बांधलेली असते ते लक्षात घेता हा परिच्छेद वगळू नये.

पहिला दिवस जानेवारीतला दुसरा शनिवार ठेवा. आदल्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मुलांना बूट घालून दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे रडणं घरीच उरकतं. लिफ्ट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. नऊ ते साडेदहा उतारावर, मग लॉजमध्ये गरम काहीतरी, मग मुलं म्हणतील तेवढंच. शेवटची फेरी मुलं हसत असताना संपवा, दमल्यावर नाही. पास असेल आणि त्यावर ती तारीख बंद नसेल, तर गर्दीच्या सुट्टीच्या दिवशीही सकाळी आठ ते दहा जाता येतं. दूरचे लोक पार्किंग शोधत असतात तेव्हा तुम्ही घरी निघालेले असता.

लीजचं सामान परत करायची तारीख बहुधा एप्रिलमध्ये असते. बुटांचा आतला अस्तराचा भाग काढून दोन दिवस वाळवा, हरवलेला तो एक हातमोजा बऱ्याचदा तिथेच सापडतो. आणि त्याच फेरीत पुढच्या वर्षीच्या मापाची नोंद करून या.